हँडलवर १३.२, बॅटरीवर १४.२: टुरिंग मोटरसायकलवर बसवलेल्या व्होल्टमीटरचं प्रकरण

गाडी आणि तक्रार

गाडी रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४११, बीएस-४, फ्युएल इंजेक्शनची. बॅटरी १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास, सीलबंद. मालक साताऱ्याचे. पावसाळ्यात पाटण-कोयना मार्गे कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला जाणं नेहमीचं, त्यामुळे धुक्यासाठी पुढच्या गार्डवर प्रत्येकी २० वॅटचे दोन एलईडी फॉगलाईट लावलेले. शिवाय हँडलवर मोबाईलचा यूएसबी चार्जर आणि बॅटरीवर नजर ठेवायला तीन आकडी एलईडी व्होल्टमीटर. हे सगळं ॲक्सेसरीजच्या एका दुकानातून एकाच दिवशी बसवून घेतलेलं.

तक्रार अशी: ४,००० आरपीएमला, फॉगलाईट आणि चार्जर चालू असताना मीटर १३.२ दाखवतो. दोन्ही बंद केले की १३.८. हॉर्न दाबला की आकडा आणखी घसरतो, आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की काही न करता ०.१ ते ०.२ व्होल्टनी खाली येतो. बॅटरी मात्र कधी उतरलेली नाही आणि सेल्फ एका दाबात लागतो. गॅरेजमध्ये निदान झालं की आरआर युनिट, म्हणजे इंजिनाने बनवलेली वीज बॅटरीजोगी करून मर्यादेत ठेवणारं रेक्टिफायर-रेग्युलेटर, अशक्त झालंय. ते बदला, नाही भागलं तर इंजिनातली वीज बनवणारी कॉईल बदला.

निदान ऐकायला बरोबर वाटतं, कारण निरोगी चार्जिंगचा आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवा आणि इथे १३.२ दिसतोय. पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे: मीटर जे दाखवतो ते बॅटरीचं व्होल्टेज आहे. मीटरला बॅटरी कुठे आहे हे माहीत नसतं. त्याची लाल आणि काळी तार जिथे जोडली आहे, त्या दोन बिंदूंमधला फरक तो दाखवतो.

अशा गाडीला व्होल्टमीटर लागतोच का?

रोज दहा किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्या गाडीला नाही लागत. टुरिंगच्या गाडीवर मात्र हा एकच जादा मीटर खरोखर पैसे वसूल करतो. कारण विजेचा हिशेब इथे काठावरचा असतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनासोबत कायम चालू राहतो. या गाडीत तो ६०/५५ वॅटचा हॅलोजन आहे. म्हणजे हेडलाईट बंद करून लोड कमी करण्याचा मार्ग चालकाकडे उरलेला नाही. त्यावर इंधनपंप, इग्निशन, ईसीयू (इंजिनाचा संगणक), टेललाईट. वरून आपण फॉगलाईटचे ४० वॅट आणि चार्जरचे २० वॅट चढवायचे, आणि साठा फक्त ८ अँपिअर-तासांचा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण बसली तर ती ढकलून चालू होईल याची खात्री नाही, कारण पंप आणि ईसीयूला आधी व्होल्टेज लागतं.

म्हणून मीटर हवा. पण खोटं बोलणारा मीटर नसलेल्या मीटरपेक्षा महाग पडतो, कारण तो चांगले पार्ट बदलायला लावतो.

दुकानातली जोडणी

टाकी मागून उचलून पाहिल्यावर जोडणी दिसली. इग्निशन स्विचमधून बाहेर येणाऱ्या तारेचं कव्हर सोलून तिला नवी तार पिळून जोडलेली, वर काळी इन्सुलेशन टेप. तिथून ०.५ चौरस मिमीची एकच लाल तार साधारण १.४ मीटर पुढे गेलेली, आणि तिच्यावरच फॉगलाईट, चार्जर आणि व्होल्टमीटर तिघेही. तिघांच्या काळ्या तारा एकत्र पिळून, ४० सेंमीच्या एका तारेने हँडल क्लॅम्पच्या रंगवलेल्या बोल्टखाली दाबलेल्या. फ्यूज कुठेच नाही. गाडीचा मूळ फ्यूज हाच काय तो आधार.

दुकानदाराच्या बाजूने एवढं म्हणता येईल की किल्लीसोबत सगळं चालू-बंद होतं आणि बॅटरी रात्रभर उतरत नाही. हा मुद्दा लहान नाही. एलईडी मीटर १५ ते २० मिलिअँपिअर खातो. तो थेट बॅटरीला लावला तर २० मिलिअँपिअरने दिवसाला ०.४८ अँपिअर-तास जातात, म्हणजे आठवड्यात ८ पैकी सुमारे ३.४. गाडी दोन आठवडे उभी राहिली की सेल्फ लागणार नाही. थेट बॅटरीला लावलेल्या मीटरची हीच नेहमीची गत असते, आणि ती टाळायला लोक जवळची इग्निशनची तार शोधतात. तिथून दुसरी चूक सुरू होते.

आधी बॅटरीवर मोजा

पहिलं माप दोन मिनिटांचं. गाडी मेन स्टँडवर, मोकळ्या हवेत, इंजिन गरम. सीट काढून मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर, प्रोब थेट बॅटरीच्या टर्मिनलवर. केबलच्या लगवर, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीवर नाही, टर्मिनलच्या धातूवर. ४,००० आरपीएम, फॉगलाईट आणि चार्जर चालू: १४.२ व्होल्ट. दोन्ही बंद: तरीही १४.२. उभ्या गाडीवर रेस धरून ठेवायची नसते, हे इंजिन हवेवर आणि ऑईल कूलरवर थंड होतं. दहा-पंधरा सेकंद पुरतात.

आरआर युनिट निर्दोष ठरलं. लोड टाकूनही ते १४.२ धरून ठेवतंय. कॉईलची तपासणी करायची गरजच पडली नाही. राहिला प्रश्न हँडल आणि बॅटरी यांच्यात हरवलेल्या १.० व्होल्टचा.

हरवलेला एक व्होल्ट शोधणं

इथे रेझिस्टन्स मोजून फारसं हाती लागत नाही. साधा मल्टिमीटर ०.०५ ओहम नीट दाखवत नाही, त्याच्या प्रोबचाच त्याहून जास्त असतो. करंट वाहत असताना व्होल्टेजची गळती मोजायची.

प्लस बाजू: लाल प्रोब बॅटरीच्या प्लसवर, काळा प्रोब व्होल्टमीटरच्या मागच्या लाल तारेच्या थिंबलवर, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडणीवर. मल्टिमीटर डीसी २ व्होल्टच्या रेंजवर. प्रोब पोहोचत नसेल तर दीड मीटरची कुठलीही बारीक तार जोडून वाढवा. मल्टिमीटरचा इनपुट साधारण १० मेगाओहमचा असल्याने तारेच्या जाडीने मापात फरक पडत नाही. इंजिन ४,००० वर, सगळं चालू. आकडा ०.५५.

मायनस बाजू: काळा प्रोब बॅटरीच्या मायनसवर, लाल प्रोब व्होल्टमीटरच्या काळ्या थिंबलवर. आकडा ०.३५. हँडल डावीकडे वळवलं की हाच आकडा वर जात होता.

बेरीज ०.९०. शेवटी मल्टिमीटर मीटरच्याच दोन थिंबलवर धरला तेव्हा १३.३ दिसलं, आणि मीटर १३.२ दाखवत होता. म्हणजे उरलेला ०.१ मीटरची स्वतःची चूक. १४.२ वजा ०.५५ वजा ०.३५ वजा ०.१ म्हणजे १३.२. हिशेब बंद.

आता प्लसच्या ०.५५ चे तुकडे केले. बॅटरीपासून पिळलेल्या जोडापर्यंत, म्हणजे मूळ फ्यूज, इग्निशन स्विचचे पॉइंट आणि मूळ हार्नेस (गाडीच्या तारांचा जुडगा) मिळून ०.३०. जोडापासून मीटरपर्यंत ०.२५. या दुसऱ्या तुकड्याचा ताळा कागदावर करता येतो. ०.५ चौरस मिमीच्या लवचिक तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स मीटरला ०.०३९ ओहम. १.४ मीटरचा झाला ०.०५५. फॉगलाईट ३ अँपिअर आणि चार्जर १.५, मिळून ४.५ अँपिअर. गुणाकार ०.२५. म्हणजे पिळलेला जोड अजून तरी ठीक होता. खात होती ती तारच. जोड पहिल्या पावसाळ्यात हिरवा पडला असता, तेव्हा हा आकडा वाढला असता.

मायनसच्या बाजूला उलट. ४० सेंमीच्या तारेचा वाटा जेमतेम ०.०७. उरलेले ०.२८ व्होल्ट रंगवलेल्या बोल्टवर आणि त्याच्या पुढच्या वाटेवर जात होते. ती वाट म्हणजे हँडलकडून फ्रेमकडे, आणि मधे स्टीअरिंगच्या बेअरिंग. ग्रीस लावलेल्या बेअरिंगमधून ४.५ अँपिअर अर्थिंग करणं हे बेअरिंगलाही बरं नाही आणि मापालाही नाही. हँडल वळवल्यावर आकडा का हलायचा, ते इथे कळलं.

मुद्दा तारेच्या जाडीचा नाही, सोबतीचा आहे

इथे एक गैरसमज पक्का बसलेला असतो: मीटर कमी दाखवतो म्हणजे त्याला जाड तार द्या. मीटर स्वतः २० मिलिअँपिअर ओढतो. ०.५ चौरस मिमीच्या १.४ मीटर तारेत तेवढ्याने होणारी गळती एका मिलिव्होल्टच्या आसपास. मीटरला स्वतंत्र तार दिली तर केसासारखी बारीक तारही चालेल, आपण ०.५ वापरतो ती मजबुतीसाठी. नुकसान होतं ते दुसऱ्यांचा करंट त्याच तारेतून गेल्यामुळे. मीटरची लाल आणि काळी, दोन्ही तारा एकट्या हव्यात आणि दोन्ही बॅटरीपाशी संपायला हव्यात. लाल तारेची काळजी घेणारे पुष्कळ असतात, काळी मात्र दिसेल त्या बोल्टला लावली जाते.

तीन तारांचा मीटर घेतला तर काय? त्यात पुरवठ्याची लाल तार वेगळी आणि मापाची पिवळी किंवा पांढरी वेगळी असते. मापाच्या तारेतून जवळपास काहीच करंट वाहत नाही, त्यामुळे ती बारीक फ्यूजमधून बॅटरीच्या प्लसला कायम जोडता येते आणि पुरवठा इग्निशनवरून घेता येतो. प्लसचा प्रश्न सुटतो. काळी तार मात्र दोघांची एकच असते, म्हणून मायनसची चूक तशीच राहू शकते. इथे दोन तारांचाच मीटर ठेवला. फॉगलाईटसाठी रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, तसाही घालायचाच होता.

दोन तारांच्या मीटरला रात्री फार उजेड पडतो म्हणून कुणी तारेत रेझिस्टर घालतात. घालू नये, तो मीटर आपल्या पुरवठ्यालाच मोजतो, त्यामुळे माप बिघडतं. त्यापेक्षा काचेवर गाडीच्या काचांना लावतात तसल्या काळ्या फिल्मचा तुकडा चिकटवा.

नवी जोडणी

साहित्य: १२ व्होल्ट ३० अँपिअरचे चार पिनांचे दोन रिले, बेससकट, आत डायोड असलेले, मिनी ब्लेड फ्यूजचे पाण्यापासून जपलेले चार होल्डर, १०, ५, ३ आणि २ अँपिअरचे फ्यूज, २.५ चौरस मिमीची तार एक मीटर, १.५ ची सहा मीटर, ०.५ ची पाच मीटर; बॅटरीच्या बोल्टच्या मापाचे रिंग थिंबल; ६.३ मिमीचे चपटे थिंबल रबरी टोप्यांसह, आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी स्लीव्ह, जाळीची नळी, केबल टाय. मीटर, फॉगलाईट आणि चार्जर जुनेच.

सुरुवात मायनस काढून. नेहमी मायनस आधी, कारण प्लस सोडताना पाना फ्रेमला टेकला आणि मायनस जोडलेला असेल तर थेट शॉर्ट. जोडताना उलट क्रम: प्लस आधी, मायनस शेवटी.

बॅटरीच्या प्लसपासून २.५ ची तार, पहिल्या १५ सेंमीत १० अँपिअरचा फ्यूज, मग मुख्य रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. फ्यूज बॅटरीजवळच का? कारण तो मागच्या तुकड्याचं रक्षण करत नाही. बॅटरी ते फ्यूज एवढी तार बिनसंरक्षण राहते, म्हणून ती जितकी आखूड तितकी बरी.

८७ नंबरच्या, म्हणजे करंट बाहेर देणाऱ्या पिनपासून तीन फांद्या: फॉगलाईटला ५ अँपिअरच्या फ्यूजमधून, चार्जरला ३ च्या, मीटरला २ च्या. मीटरची ०.५ ची तार फ्यूजपासून हँडलपर्यंत एकटी, मधे एकही जोड नाही.

रिलेची स्वतःची कॉईल, म्हणजे त्याला ओढून चालू करणारी गुंडाळी, ८६ आणि ८५ वर. ८५ मायनसला. ८६ ला किल्लीसोबत प्लस येणारी एखादी मूळ तार हवी. इथे मागच्या ब्रेक स्विचला येणारी प्लसची बाजू घेतली, कारण ती किल्ली फिरवताच जिवंत होते आणि सीटपासून जवळ आहे. टेललाईटची तार अनेकजण पसंत करतात, पण हेडलाईट-टेललाईट इंजिन चालू झाल्यावरच लागत असतील तर इंजिन बंद असतानाचा आकडा मीटरवर दिसणार नाही, आणि सकाळचा तो आकडा फार कामाचा असतो. कुठलीही तार घेण्याआधी मल्टिमीटरने खात्री करा: किल्ली बंद असताना शून्य, चालू केल्यावर बॅटरीएवढं, ब्रेक दाबल्यावर बदल नाही. रिलेची कॉईल साधारण ०.१५ अँपिअर ओढते. मूळ तारेला ते जाणवतही नाही. पूर्वी तिथून ४.५ अँपिअर काढले जात होते.

डायोडवाल्या रिलेत ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हा क्रम पाळावाच लागतो, उलटं लावलं तर डायोडमधून शॉर्ट होऊन फ्यूज जातो. डायोड कशाला? रिले सुटताना कॉईल उलटा झटका मारते, आणि त्याच तारांवर ईसीयू बसलेला असतो.

दुसरा रिले फॉगलाईटसाठी. हँडलवरच्या स्वस्त स्विचमधून ३ अँपिअर रोज नेले की पॉइंट जळतात. आता त्या स्विचमधून फक्त कॉईलचा करंट जातो. या कॉईलचा प्लस चार्जरच्या फांदीवरून घेतला. मीटरच्या तारेवरून घेणं सोपं होतं, ती तिथेच होती. पण एकदा तिला सोबत मिळाली की पुढच्या वर्षी कुणीतरी तिच्यावर आणखी काही लावतो.

मायनस: फॉगलाईट आणि चार्जरच्या १.५ च्या काळ्या तारा सीटखाली एका ठिकाणी आणून तिथून २.५ ची एक तार बॅटरीच्या मायनसला. मीटरची ०.५ ची काळी तार वेगळी, तीही थेट मायनसला. टर्मिनलवर सेल्फच्या जाड केबलची लग सर्वांत खाली, धातूला चिकटून. बारीक रिंग तिच्या वर. उलटं केलं तर सेल्फचा सगळा करंट बारीक रिंगच्या पत्र्यातून जातो आणि बोल्ट गरम होतो.

जोड दाबून केलेले, सोल्डर नाही. एकेरी सिलिंडरच्या थरथरीत सोल्डर जिथे संपतो तिथे तार ताठ होते आणि नेमकी तिथेच तुटते. निळ्या प्लॅस्टिकच्या चिमट्या, ज्यांची पाती इन्सुलेशन कापून आत घुसते, त्याही नकोत. पाती दोन-चार पदर कापते आणि पाणी आत ठेवते. इन्सुलेशन टेपचा गोंद टाकीखालच्या उष्णतेत वितळतो, मग टेप सरकते. जुन्या पिळलेल्या जोडाची जागा साफ करून तिथे गोंदवाली स्लीव्ह चढवली. ती चढवायला मूळ तार एका बाजूने कपलरमधून (तारांच्या प्लगमधून) सोडवावी लागली; कापली नाही.

तार कुठून न्यायची आणि मीटर कुठे बसवायचा

सीटपासून टाकीखाली फ्रेमच्या मधल्या नळीला लागून, मूळ हार्नेसच्या बाजूने. टाकी खाली ठेवताना तार तिच्या रबरी बुशवर येत नाही ना, हे हाताने चाचपून पाहायचं. स्टीअरिंगपाशी तार मूळ हार्नेससोबत वळली पाहिजे आणि तिथे ढिलाई हवी. डावीकडून उजवीकडे पूर्ण हँडल फिरवून कुठे ताण येतो, कुठे स्टॉपरच्या मधे चिमटते ते बघा. केबल टाय गच्च ओढू नका. मग इंजिन आयडलवर ठेवून हँडल पुन्हा दोन्हीकडे फिरवा. मीटरचा आकडा हलला तर तार ताणतेय. आरपीएम बदललं तर तुमच्या तारेने ॲक्सिलरेटरची केबल दाबलीय, आणि ते जास्त गंभीर.

मीटर गोल, मागे प्लॅस्टिकच्या नटाने कसायचा. त्याची पुढची काच सीलबंद असते, मागची पाठ बहुतेक वेळा नसते. कोकणातल्या पावसात पाणी मागूनच शिरतं, पुढून नाही. थिंबलवर रबरी टोप्या चढवल्या, तार मीटरपासून आधी खाली उतरवून मग वर नेली म्हणजे पाणी वळणावरून टपकतं, आणि पाठ सिलिकॉनने भरली. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं, आणि तांबं हिरवं पडतं. प्लॅस्टिकच्या नटाला थ्रेडलॉक लावू नये, प्लॅस्टिक तडकतं. नटाखाली रबरी वॉशर द्या. ब्रॅकेट ३ मिमी ॲल्युमिनियमचं, हँडल क्लॅम्पच्या बोल्टखाली नाही तर आरशाच्या दांड्याखाली. क्लॅम्पच्या बोल्टखाली पत्रा घातला की क्लॅम्पची पकड बदलते, आणि हँडल निसटण्यापेक्षा मीटर नसलेला परवडतो.

मीटर जुळवणं

या मीटरच्या पाठीवर छोटा ट्रिमर होता, बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरणारा. सिलिकॉन भरण्याआधीच तो जुळवायचा, नंतर हात पोहोचत नाही. बॅटरीवर मल्टिमीटर, इंजिन बंद, किल्ली चालू. मीटर मल्टिमीटरशी जुळेपर्यंत ट्रिमर फिरवला. मग इंजिन चालू करून १४.२ च्या आसपास पुन्हा ताडून पाहिलं. दोन्हीकडे जुळलं तर ठीक. एकीकडे जुळून दुसरीकडे ०.२ चा फरक राहिला तर मीटर फेकायच्या लायकीचा. शेवटचा आकडा एकने नाचत असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा, आरआरमधून येणारा करंट सपाट नसतो.

किल्ली बंद केल्यावर बॅटरीतून काय जातंय तेही मोजलं. मायनस केबल सोडून मल्टिमीटर मधे, आधी १० अँपिअरच्या सॉकेटवर, मग मिलिअँपिअरवर. या अवस्थेत चुकूनही किल्ली फिरवायची नाही, मल्टिमीटरचा फ्यूज उडतो. नवी फांदी फ्यूज काढून आणि घालून आकडा तोच राहिला, म्हणजे रिले पूर्ण सुटतोय.

आता मीटर काय सांगतो

४,००० आरपीएम, सगळं चालू: बॅटरीवर १४.२, मीटरवर १४.१. फ्यूज आणि रिले मिळून काही शतांश व्होल्ट जातात, ते चालतात. हँडल वळवून किंवा हॉर्न दाबून काही फरक नाही. फॉगलाईटही जरा शांत झाले: एलईडीचा ड्रायव्हर ठरलेले वॅट घेतो, त्यामुळे व्होल्टेज कमी मिळालं की तो करंट वाढवतो आणि तार आणखी तापवतो.

पण खरी बातमी आयडलवर मिळाली. फॉगलाईट आणि चार्जर बंद असताना आयडलला १३.६, चालू केल्यावर १२.९. हा आता बॅटरीचाच आकडा आहे, आणि १२.९ म्हणजे चार्जिंग जवळपास थांबलेलं. थोडा वेळ तसंच ठेवलं तर तो १२.७, १२.६ असा हळूहळू उतरतो. तेव्हा वीज बनवणाऱ्या कॉईलला जमत नाहीये आणि फरक बॅटरी भरतेय. जुन्या जोडणीत घाटात वर जाताना १३.२ आणि ट्रॅफिकमध्ये १२ च्या आत असे आकडे दिसायचे, दोन्ही सारखेच संशयास्पद. खरी तूट खोट्या तुटीत मिसळून गेली होती. आरआर बदललं असतं तरी ती भरून निघाली नसती, कारण कमी फेऱ्यांना कॉईलच कमी वीज बनवते.

उपाय फुकटचा आहे: खंबाटकीत गाड्या खोळंबल्या की फॉगलाईट बंद. २,००० च्या वर गेलं की पुन्हा चालू. एवढं करूनही आयडलचा आकडा १३ च्या खाली राहत असेल तर हेडलाईटसाठी एलईडी बल्बचा विचार होतो, पण त्याचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाणार नाही याची खात्री असेल तरच.

वाचायची रीत अशी. सकाळी किल्ली फिरवल्यावर, सेल्फ मारण्याआधी, १२.५ च्या वर असावं. किल्लीने इंधनपंप आणि ईसीयूचा लोड येतो म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीचे १२.८ दिसणार नाहीत. १२.२ म्हणजे बॅटरी अर्ध्यावर. सेल्फ मारताना आकडा क्षणभर पडतो. १० च्या आसपास ठीक, ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी संपत आलीय. मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे खरा तळ त्याहून खाली असू शकतो. चालताना १३.८ ते १४.५. चालताना आकडा १३ च्या खाली आला आणि फॉगलाईट बंद करूनही वर गेला नाही, तर आरआरचा कपलर आधी हाताने तपासा, तपकिरी पडलेली पिन हे नेहमीचं कारण. १४.८ च्या वर गेला तर थांबा. तो रेग्युलेटर सुटल्याचा आकडा आहे. सीलबंद बॅटरी फुगते आणि बल्ब जातात. जवळचं गॅरेज येईपर्यंत सगळे लोड चालू ठेवून कमी आरपीएमला न्यायची.

हजार किलोमीटरनंतर

पुन्हा उघडून पाहिलं तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. मीटरचा प्लॅस्टिक नट रबरी वॉशर असूनही अर्धा आटा सुटला होता. त्याच्या मागे दुसरा नट चढवून दोघांना एकमेकांवर कसलं. आणि मुख्य रिले बेससकट उलटा बांधला गेला होता, पिना आकाशाकडे. सीटखाली येणारं पाणी बेसमध्ये साचत होतं आणि ८७ च्या थिंबलवर पांढरा गंज धरू लागला होता. तिथली गळती मोजली तर ०.०८ व्होल्ट, बसवल्या दिवशी ०.०३ होती. थिंबल बदलून रिले पिना खाली करून बांधला. रिलेच्या बेसवर पिनांची दिशा लिहिलेली नसते, म्हणून बांधतानाच ती पाहावी लागते.